माश्या येतात कोठून?

प्रस्तावना

जेवणाचे ताट समोर यावे आणि पहिला घास उचलण्याआधीच माशी त्यावर बसावी, हा अनुभव कोणाला नवा नाही. माशी हाकलली की ती क्षणभर उडते आणि पुन्हा त्याच जागी येते. उन्हाळ्यात आंब्यांचे दिवस आले आणि पुढे पावसाळा सुरू झाला, की हा त्रास वाढतो. मग दुकानातून विषारी औषधाचा फवारा आणला जातो. माश्या मरून पडतात, घर काही तास शांत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच माश्या दिसू लागतात. असे का होते? औषध कमी पडते, की आपला उपायच चुकीच्या ठिकाणी होतो?

प्रस्तुत पाठात या प्रश्नाचे उत्तर शोधले आहे. त्यासाठी वाराणसी म्हणजेच काशी या शहरातील एक जुनी नोंद आधाराला घेतली आहे. मराठी माणसाला काशी परकी नाही. शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट काशीचे. पंचगंगा घाट, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट यांच्या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. अरुंद गल्ल्या, भिंतीला भिंत लागून असलेली घरे, अंगणातली गाय, देवाला वाहिलेली फुले, दूध आणि मिठाईची दुकाने हे तेथील जीवन. माशीला जे जे हवे असते, ते सारे येथे हाताच्या अंतरावर असते. त्यामुळे माश्यांचा प्रश्न समजून घेण्यास हे शहर योग्य ठरते.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• माशीच्या जीवनक्रमातील चार अवस्था सांगता येतील;
• माशीमुळे रोग कसे पसरतात हे स्पष्ट करता येईल;
• केवळ फवारणीने माश्या का कमी होत नाहीत याची कारणे देता येतील;
• विषारी औषधाशिवाय माश्यांचा बंदोबस्त करण्याचे उपाय योग्य क्रमाने योजता येतील;
• माशीविषयीच्या मराठी वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करता येईल.

मूळ पाठ

१. काशीतील एक नोंद

इ. स. १९०२ मध्ये मोहनदास करमचंद गांधी कलकत्त्याहून राजकोटला निघाले. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांचे हाल स्वतः अनुभवावेत म्हणून त्यांनी तिसऱ्या वर्गाचेच तिकीट काढले होते. वाटेत ते काशीस उतरले. गंगास्नान करून ते विश्वनाथाच्या दर्शनाला गेले. या भेटीचे वर्णन त्यांनी पुढे आपल्या आत्मकथेत केले आहे. मंदिराकडे जाणारी वाट अरुंद आणि निसरडी होती. शांतता कोठेच नव्हती. माश्यांचे थवे आणि दुकानदारांचा व यात्रेकरूंचा गोंगाट त्यांना असह्य वाटला. मंदिराच्या दाराशी पोहोचल्यावर कुजलेल्या फुलांची दुर्गंधी आली.

या वर्णनात माश्या आणि कुजलेली फुले यांचा उल्लेख जवळजवळ आहे. हा केवळ योगायोग नाही. जेथे ओला, कुजणारा पदार्थ पडून राहतो, तेथे माशी जन्म घेते. फुले देवाची असली तरी ती ओली राहून कुजू लागली, की माशीच्या दृष्टीने तिच्यात आणि उकिरड्यात फरक उरत नाही.

त्याच वर्णनात आणखी एक लहानसा तपशील आहे. गांधीजींनी उतरण्यासाठी ज्या पंड्याचे घर निवडले, तो इतरांच्या मानाने स्वच्छ वाटला म्हणून निवडला होता आणि ती निवड योग्य ठरली. त्या घराच्या अंगणात गाय होती. म्हणजे गाय आहे म्हणून घर अस्वच्छच असणार, असे नाही. शेण पडते हा दोष नसून ते पडून राहते हा दोष आहे.

पुढे १९१६ साली फेब्रुवारी महिन्यात बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या उद्घाटनाच्या समारंभात गांधीजींचे भाषण झाले. त्या भाषणातही त्यांनी विश्वनाथ मंदिराच्या गल्ल्यांतील घाणीचा विषय स्पष्टपणे मांडला. राजेमहाराजे आणि विद्वान यांच्या सभेत गल्लीतील घाणीविषयी बोलणे अनेकांना रुचले नसेल; पण सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न त्यांना लहान वाटला नाही. त्यानंतर काशीचे रूप बरेच पालटले. २०२१ च्या डिसेंबरमध्ये मंदिरापासून गंगेपर्यंतचा प्रशस्त मार्ग खुला झाला. तरीही जुन्या वस्तीतील अरुंद गल्ल्या आजही आहेत, आणि माशीचा स्वभाव तर मुळीच बदललेला नाही.

२. माशीचा जीवनक्रम

घरात दिसणाऱ्या सामान्य माशीच्या जीवनात चार अवस्था असतात : अंडे, अळी, कोष आणि पंख असलेली माशी. आपल्याला दिसते ती फक्त चौथी अवस्था. पहिल्या तीन अवस्था कचऱ्यात, शेणात किंवा मातीत दडलेल्या असतात. म्हणून आपण चौथ्या अवस्थेशी झगडत राहतो आणि पहिल्या तीन अवस्थांकडे आपले लक्ष जात नाही.

एक उदाहरण घेऊ. ज्येष्ठ महिना आहे. गल्लीतील एका घरात सोमवारी दुपारी लंगड्या आंब्यांच्या साली आणि कोयी उघड्या डब्यात टाकल्या गेल्या. माशी त्यावर बसली आणि तिने अंडी घातली. एका वेळी ती पाऊणशेपासून दीडशेपर्यंत अंडी घालते. आयुष्यात अशा अनेक वेळा मिळून सुमारे पाचशे अंडी घालू शकते. अंडे तांदळाच्या कणीसारखे पांढरे, पण त्याहून बारीक असते. उबदार हवेत मंगळवारपर्यंत अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात. चार-पाच दिवस त्या ओल्या कचऱ्यात खात राहतात. शनिवारच्या सुमारास अळीची वाढ पूर्ण होते. आता तिला ओलावा नको असतो. ती कचऱ्यातून बाहेर सरपटत जाते आणि जवळच्या कोरड्या मातीत, फरशीच्या फटीत किंवा डब्याखाली दडते. तेथे तिच्याभोवती तपकिरी कवच तयार होते. हाच कोष. पुढील बुधवार-गुरुवारच्या सुमारास कोष फोडून माशी बाहेर येते. थोड्याच दिवसांत तीही अंडी घालू लागते.

थंडीत याच प्रवासाला कित्येक आठवडे लागतात. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मात्र तो सात ते दहा दिवसांत संपतो. एका माशीच्या पाचशे अंड्यांपैकी निम्म्या माद्या धरल्या आणि त्या साऱ्या जगल्या असे मानले, तर पुढच्या पिढीत २५० × ५०० म्हणजे १,२५,००० माश्या होतील. प्रत्यक्षात बहुतेक अळ्या उन्हाने, मुंग्यांनी किंवा पक्ष्यांमुळे मरतात. पण माश्या एकाएकी इतक्या वाढतात कशा, याचे कारण या हिशेबातून कळते.

या जीवनक्रमातून एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. अळी शनिवारी बाहेर पडून फटीत दडली, की नंतर कचरा उचलून उपयोग नाही. पण तोच डबा मंगळवारी किंवा बुधवारी रिकामा केला, तर एकही माशी जन्मत नाही. म्हणजेच ओला पदार्थ पडल्यापासून तीन दिवसांची मुदत आपल्या हाती असते. माशीविरुद्धचा सर्वांत प्रभावी उपाय या मुदतीतच दडलेला आहे.

३. माशी आणि रोग

माशीला दात नसतात. तिच्या तोंडाचा भाग लहानशा स्पंजासारखा असतो. त्यामुळे तिला घन पदार्थ खाता येत नाही. साखरेच्या कणावर बसली की ती प्रथम आपली लाळ आणि पोटातील द्रव त्यावर सोडते, पदार्थ विरघळवते आणि मग शोषून घेते. याआधी ती विष्ठेवर बसली असेल, तर तेथील जंतू तिच्या पोटात, पायांवरील केसांत आणि तळव्यांच्या चिकट गाद्यांवर असतात. तेच जंतू मिठाईवर, दुधावर आणि बाळाच्या ओठांवर पोहोचतात. माशी पायांनी चव घेते. म्हणून ती प्रत्येक पदार्थावर पाय टेकवीत फिरते.

अतिसार, आमांश, पटकी, विषमज्वर या रोगांच्या प्रसाराला माशीचा हातभार लागतो. डोळ्यांच्या खुपरी या रोगाचे जंतू वाहून नेणाऱ्या माश्याही आहेत. मुलांच्या डोळ्यांतील आणि नाकातील स्राव त्यांना आकर्षित करतो. जगात दरवर्षी पाच वर्षांखालील चार लाखांहून अधिक मुले अतिसाराने मरण पावतात. हे सारे मृत्यू माशीमुळे होत नाहीत. दूषित पाणी आणि न धुतलेले हात हीही मोठी कारणे आहेत. तथापि विष्ठेपासून ताटापर्यंत जाणाऱ्या वाटांपैकी एक वाट माशीच्या पंखांवरून जाते, आणि ती बंद करणे प्रत्येक घराच्या हातात आहे.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.
(१) माशीची अळी कोष होण्यासाठी कोठे जाते?
(अ) ओल्या कचऱ्यात (आ) कोरड्या जागी (इ) पाण्यात (ई) छतावर
(२) उन्हाळ्यात अंड्यापासून माशी तयार होण्यास किती दिवस लागतात?
(अ) एक ते दोन (आ) सात ते दहा (इ) तीस ते चाळीस (ई) शंभर
(३) माशी घन पदार्थ कशी खाते?
(अ) चावून (आ) गिळून (इ) विरघळवून शोषून (ई) कुरतडून

४. फवारणी का पुरत नाही?

फवारणीने उडणारी माशी मरते. कचऱ्यातील अळी आणि फटीतील कोष मात्र सुरक्षित राहतात. आज शंभर माश्या मेल्या तरी उद्या कोषांतून दुसऱ्या शंभर बाहेर येतात. हे पहिले कारण.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. १९३९ मध्ये पॉल म्यूलर या स्विस शास्त्रज्ञाने डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधून काढला. त्यासाठी १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आता माशीचा निकाल लागणार, अशी आशा निर्माण झाली होती. परंतु पारितोषिक मिळण्यापूर्वीच, १९४६-४७ च्या सुमारास, स्वीडन आणि इटली येथे डीडीटीला न जुमानणाऱ्या माश्या आढळल्या. हजारो माश्यांपैकी काही थोड्यांमध्ये विष पचवण्याची शक्ती जन्मतःच असते. बाकीच्या मरतात, या वाचतात, आणि पुढची पिढी यांचीच होते. माशीच्या पिढ्या काही आठवड्यांतच पालटत असल्याने हा बदल लवकर घडतो. नंतर आलेल्या अनेक औषधांच्या बाबतीतही हेच घडले.

तिसरे कारण घरातील माणसांचे. फवारलेले औषध भांड्यांवर, अंथरुणावर आणि अन्नावर बसते. लहान जागेत, बंद खिडक्यांच्या खोलीत ते श्वासावाटे आत जाते. दम्याच्या रुग्णांना आणि तान्ह्या मुलांना त्याचा त्रास होतो. शिवाय माशीचे जे नैसर्गिक शत्रू आहेत, म्हणजे कोळी तसेच माशीच्या कोषात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या, तेही औषधाने मरतात.

५. पहिला उपाय : जन्मस्थान नाहीसे करणे

घरात माश्या दिसू लागल्या, की प्रथम एक प्रश्न विचारावा : जवळपास कोणता ओला पदार्थ तीन दिवसांहून अधिक काळ पडून आहे? बहुतेक घरांत पुढील पाच ठिकाणी त्याचे उत्तर सापडते.

कचऱ्याचा डबा : ओला कचरा वेगळ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि रोज घंटागाडीत द्यावा. भाजीची देठे आणि साली वर्तमानपत्रात गुंडाळून टाकल्यास डब्यात पाणी साचत नाही. डबा रिकामा केला तरी तळाशी चिकटलेल्या थरात अळ्या वाढू शकतात. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी तो धुऊन उन्हात वाळवावा. डब्याखालची जागाही झाडावी, कारण कोष तेथेच असतात.

मोरी आणि नाली : खरकट्याचे कण, चहाचा चोथा, भाताची शिते जाळीवर अडकून कुजतात. जाळी रोज काढून साफ करावी. आठवड्यातून एकदा उकळते पाणी आणि ब्रश यांनी नालीच्या तोंडाशी साचलेला चिकट थर काढावा.

निर्माल्य : देवघरातील फुले ओल्या पिशवीत साठवू नयेत. ती परातीत पसरून उन्हात वाळवावीत किंवा खतात घालावीत. गणेशोत्सवात महाराष्ट्रातील अनेक शहरांत निर्माल्य कलश ठेवले जातात आणि त्यातील फुलांचे खत केले जाते. हीच रीत घरी रोज पाळता येते. फुलांचे पावित्र्य त्याने कमी होत नाही. उलट ती पायदळी आणि गटारात जाण्यापासून वाचतात.

शेण : गोठ्यात शेण, मूत्र आणि गवत एकत्र मिसळून राहिले, तर तो माशीचा आवडता गादा ठरतो. शेण रोज उचलावे. त्याचा जाड ढीग न करता पातळ थापले, तर ऊन ते लवकर सुकवते आणि अळीला ओलावा मिळत नाही. काशीच्या घाटांच्या पायऱ्यांवर उन्हात वाळत घातलेल्या गोवऱ्या दिसतात. इंधन म्हणून केलेली ही जुनी सवय माशीचेही जन्मस्थान नाहीसे करते. गोवऱ्या करायच्या नसतील तर शेण गोबरगॅसच्या यंत्रात किंवा खताच्या खड्ड्यात घालावे. खताचा ढीग नीट रचला, तर आतील उष्णता पन्नास अंश सेल्सियसच्या वर जाते आणि तेथे अळी जगत नाही. ती कडेच्या थंड थरात सरकते. म्हणून ढीग अधूनमधून उलटावा आणि वर माती किंवा सुक्या पाल्याचा थर द्यावा.

शौचालय : उघड्यावरील विष्ठा हा माशीचा सर्वांत घातक पुरवठा आहे. पाण्याचा पडदा असलेल्या भांड्यातून माशी आत-बाहेर करू शकत नाही. खड्ड्याच्या शौचालयाला उंच नळी बसवून तिच्या तोंडाला जाळी लावली, तरी मोठा फरक पडतो. शौचालयात अंधार असतो आणि नळीच्या टोकाशी उजेड. खड्ड्यातील माश्या उजेडाकडे धावतात आणि जाळीशी अडकून मरतात. १९७० च्या दशकात झिंबाब्वेमध्ये अशा शौचालयांची तुलना करण्यात आली. ७८ दिवसांत नळी नसलेल्या शौचालयातून सुमारे चौदा हजार माश्या पकडल्या गेल्या. नळी असलेल्यातून दीडशेहूनही कमी. तान्ह्या बाळाची शीही लगेच शौचालयात टाकावी. ती निरुपद्रवी असते, ही समजूत चुकीची आहे.

६. दुसरा उपाय : वाट आणि आमंत्रण बंद करणे

शेजारच्या जागेत जन्मलेली माशीही आपल्या घरात येते. तिची वाट अडवावी. खिडक्यांना बारीक जाळी आणि दाराला चिक किंवा मण्यांचा पडदा लावावा. जेवणाच्या जागी पंखा सुरू ठेवावा. जोराच्या वाऱ्यात माशीला नीट बसता येत नाही. शिजवलेले अन्न, दूध आणि कापलेली फळे झाकण, जाळी किंवा दुरडीखाली ठेवावीत. पूर्वी घरोघरी असणारे जाळीचे कपाट हे यासाठीच होते.

त्याचबरोबर तिला आमंत्रण देणाऱ्या गोष्टी टाळाव्यात. जेवण होताच ताटे विसळावीत. ओटा आणि जेवणाची जागा ओल्या फडक्याने पुसून ते फडके वाळत घालावे. सांडलेला चहा, गुळाचा डाग, मुलांचे चिकट हात-तोंड लगेच धुवावे.

७. तिसरा उपाय : सापळा

जन्मस्थान नाहीसे केले तरी आधीच जन्मलेल्या माश्या दोन ते चार आठवडे जगतात. फटींतील कोषही काही दिवस उमलत राहतात. त्यामुळे स्वच्छतेचा परिणाम दिसण्यास दोन-तीन आठवडे लागतात. या काळात सापळे उपयोगी पडतात.

क्रियाकलाप : बाटलीचा सापळा तयार करणे
साहित्य : प्लास्टिकची रिकामी बाटली, कात्री, दोरी, पाव पेला पाणी, गुळाचा खडा, अतिपक्व केळ्याचा किंवा आंब्याचा तुकडा, भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब.
कृती : बाटलीचा वरचा एकतृतीयांश भाग कापावा. उरलेल्या भागात गुळाचे पाणी, फळाचा तुकडा आणि द्रवाचा थेंब घालावा. कापलेला भाग, टोपण काढून, उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवावा. बाटली दोरीने टांगावी.
माशी वासाने नरसाळ्यातून आत जाते. बाहेर पडताना ती कडेच्या उजेडाकडे धडकत राहते आणि मधले लहान भोक तिला सापडत नाही. साबणाच्या थेंबामुळे ती पाण्यावर तरंगू शकत नाही.

हा सापळा स्वयंपाकघरात टांगू नये, कारण वासाने बाहेरच्या माश्या आत येतील. तो घराबाहेर, कचऱ्याच्या जागेजवळ, मुलांच्या हाताला लागणार नाही असा टांगावा. आतील पाणी दर दोन दिवसांनी बदलावे; नाहीतर सापळ्यातच अळ्या वाढतील. तीन दिवसांचा नियम सापळ्यालाही लागू आहे.

घरात चिकट पट्ट्या वापरता येतात. रात्री माश्या छताजवळ, दोरीवर किंवा विजेच्या तारेवर विसावतात. म्हणून पट्टी उंचावर टांगावी, मात्र अन्नाच्या वर टांगू नये. एखाददुसऱ्या माशीसाठी जाळीची थापी पुरेशी असते. भोकांमुळे हवा आरपार जाते आणि वाऱ्याच्या झोताने माशी आधीच सावध होत नाही.

सापळ्यांनी रोग खरोखर कमी होतो का? इस्राएलमध्ये लष्करी तळांवर १९८८ मध्ये याची परीक्षा घेण्यात आली. मुख्यतः आमिष आणि सापळे यांच्या साहाय्याने माश्यांची संख्या ६४ टक्क्यांनी घटवली गेली. त्या तळांवर शिगेला जंतूंमुळे होणारा आमांश ८५ टक्क्यांनी कमी आढळला.

८. काही प्रचलित समजुती

कापूर, कडुनिंबाचा पाला, लवंगा टोचलेले लिंबू, तुळस यांच्या वासाने माश्या दूर राहतात असे म्हणतात. तीव्र वासाने माशी काही काळ बाजूला होते. पण तिचे जन्मस्थान तसेच राहिल्याने वास ओसरताच ती परतते. धुरीचा धूर तर माणसाच्या फुप्फुसांनाही अपायकारक असतो. पाण्याने भरलेली पारदर्शक पिशवी दाराशी टांगण्याचा प्रघातही आहे. तिचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही. हे उपाय करणाऱ्याला हसण्याचे कारण नाही. मात्र त्यांच्या भरवशावर कचऱ्याचा डबा उघडा ठेवणे योग्य नव्हे.

९. एका घराचे काम, एका गल्लीचे काम

माशी सहजपणे एक-दोन किलोमीटर उडू शकते. पण जवळच अन्न आणि ओलावा मिळत असेल, तर ती दूर जात नाही. म्हणजे आपल्या ताटावरची माशी बहुधा आपल्याच घरात किंवा आपल्याच गल्लीत जन्मलेली असते. जेथे भिंतीला भिंत लागून घरे आहेत, तेथे एका घराची स्वच्छता शेजारच्या घरालाही उपकारक ठरते आणि एका घराचा उघडा डबा साऱ्या गल्लीला त्रास देतो.

म्हणून शेवटचा उपाय सामुदायिक आहे. संत गाडगेबाबा गावात पाऊल ठेवताच हाती खराटा घेत. आधी गाव झाडून काढीत आणि मगच कीर्तनाला उभे राहत. कीर्तन कानांसाठी होते. झाडणे सर्वांच्या डोळ्यांसमोर घडत होते. त्यांच्या नावाने महाराष्ट्रात २००० सालापासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गल्लीतील उकिरडा कोणाचा, या वादात आठवडा गेला, तर त्या आठवड्यात माश्यांची एक पिढी तयार होते. दोन-तीन घरांनी मिळून तो उचलला आणि त्या जागी पुन्हा कचरा पडणार नाही याची व्यवस्था केली, तर वाद मिटण्याआधीच माश्या कमी झालेल्या दिसतील.

आपण काय शिकलो

• माशीच्या अंडे, अळी, कोष आणि माशी या चार अवस्था असतात. उबदार हवेत हा क्रम सात ते दहा दिवसांत पूर्ण होतो.
• अळी ओलाव्यात वाढते. ओला पदार्थ तीन दिवसांच्या आत हलवला किंवा वाळवला, तर माशी जन्मत नाही.
• फवारणी फक्त उडणाऱ्या माशीला मारते, माश्यांमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण करते आणि माणसांनाही अपाय करते.
• उपायांचा क्रम असा : जन्मस्थान नाहीसे करणे, वाट व आमंत्रण बंद करणे, उरलेल्या माश्यांसाठी सापळा लावणे.
• माश्यांचा बंदोबस्त हे साऱ्या वस्तीचे काम आहे.

भाषाभ्यास

माशीवरून मराठीत अनेक वाक्प्रचार रूढ झाले आहेत.
माशी शिंकणे – कामात अनपेक्षित विघ्न येणे.
माश्या मारणे – काही काम न करता वेळ घालवणे.
नाकावर माशी बसू न देणे – जराही उणे बोलणे सहन न करणे.
मक्षिकापात होणे – आरंभीच अडथळा येणे.

पाठान्त प्रश्न

१. ‘शेण पडते हा दोष नसून ते पडून राहते हा दोष आहे’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. डीडीटीला न जुमानणाऱ्या माश्या कशा निर्माण झाल्या?
३. बाटलीच्या सापळ्यातील पाणी दर दोन दिवसांनी का बदलावे?
४. आपल्या घरातील ओलावा साचणाऱ्या पाच जागांची यादी करा आणि प्रत्येक जागा किती दिवसांनी स्वच्छ होते ते लिहा.
५. गल्लीतील उकिरडा हलवण्याविषयी शेजाऱ्यांना उद्देशून आठ-दहा ओळींचे विनंतीपत्र लिहा.
६. वरील चारही वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

(१) आ (२) आ (३) इ